स्केग्नेसचा बटलिन्स कॅम्प: इतिहासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा कॅम्प नेमका कुठे आहे?

हॉलिडे कॅम्प म्हणजे राहणं, जेवण आणि करमणूक एकाच आवारात मिळणारं सुट्टीचं ठिकाण. या कॅम्पचं नाव स्केग्नेसचं असलं तरी जागा इंगोल्डमेल्स या गावाची आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, लिंकनशायर परगण्यात, स्केग्नेस शहराच्या उत्तरेला साधारण ३ मैलांवर. जुन्या नकाशात किंवा दफ्तरात 'स्केग्नेस' शोधून कॅम्प सापडला नाही, तर 'इंगोल्डमेल्स' शोधा. समोर उत्तर समुद्र, मागे मैलोन्‌मैल सपाट शेतजमीन. कॅम्पचा संस्थापक बिली बटलिन याने जागा घेतली तेव्हा तिथे सलगमाचं शेत होतं. एकूण क्षेत्र सुमारे २०० एकर.

समुद्रकिनाऱ्यावरचा जगातला पहिला हॉलिडे कॅम्प हाच ना?

नाही. ही चूक इतक्या ठिकाणी छापली गेली आहे की ती मोडणं अवघड आहे. आयल ऑफ मॅन बेटावर जोसेफ कनिंगहॅम आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ यांनी १८९४ मध्येच तरुण पुरुषांसाठी तंबूंचा कॅम्प सुरू केला होता. १९०४ मध्ये तो डग्लस शहरात हलला. दारूला बंदी, राहायला गोल तंबू, जेवायला एकत्र पंगत. १९०६ मध्ये जॉन फ्लेचर डॉड या समाजवादी कार्यकर्त्याने ग्रेट यार्मथजवळ केस्टर इथे कॅम्प काढला. तिथेही सुरुवात तंबूंनीच झाली. दारू वर्ज्य आणि रात्री शांतता पाळायची, असे नियम होते. कॅप्टन हॅरी वॉर्नर यांचा हेलिंग बेटावरचा कॅम्प १९३१ चा. बटलिनने या धंद्यातले बरेच धडे वॉर्नर यांच्याबरोबर काम करताना गिरवले.

मग स्केग्नेसचं वेगळेपण काय? आधीचे कॅम्प एखाद्या संस्थेच्या शिबिरासारखे होते: शिस्त, साधेपणा, सामुदायिक जीवन. बटलिन जत्रेतून आलेला माणूस. त्याने कॅम्पला जत्रेचा झगमगाट दिला, तंबूच्या जागी पक्की खोली दिली आणि सगळं एका किमतीत बसवलं.

वॉर्नर यांच्याच डोव्हरकोर्ट कॅम्पची एक नोंद इथे करून ठेवू. डिसेंबर १९३८ मध्ये नाझी राजवटीतून सुटका करून आणलेल्या ज्यू मुलांना तिथल्या शॅलेंमध्ये, म्हणजे एका खोलीच्या छोट्या घरांत, ठेवलं होतं. उन्हाळ्यासाठी बांधलेल्या त्या खोल्यांत मुलांनी कडाक्याची थंडी काढली.

बिली बटलिन कोण होता?

जन्म २९ सप्टेंबर १८९९, केपटाउन. बालपण इंग्लंड आणि कॅनडात गेलं, पहिल्या महायुद्धात तो कॅनडाच्या सैन्यात होता. १९२१ मध्ये इंग्लंडला परतला तेव्हा खिशात ५ पौंड होते, असं तो स्वतः सांगत असे. मामाच्या फिरत्या जत्रेत त्याने रिंगफेकीचा स्टॉल मांडला. इतर स्टॉलवाले बक्षीस जिंकणं जवळपास अशक्य करून ठेवायचे. बटलिनने जिंकणं सोपं केलं. दर खेळामागे नफा कमी, पण गर्दी कितीतरी जास्त. पुढे कॅम्पची किंमत ठरवतानाही त्याने हेच गणित वापरलं.

१९२७ मध्ये त्याने स्केग्नेसला अर्ल ऑफ स्कारबरो यांच्याकडून भाडेपट्ट्याने जागा घेऊन करमणुकीची बाग उभारली. एकमेकांवर आपटणाऱ्या विजेच्या गाड्या, म्हणजे डॉजेम, ब्रिटनमध्ये आणण्याचं श्रेयही त्याच्याकडेच जातं (१९२८). म्हणजे कॅम्प उघडण्याआधी नऊ वर्षं तो याच किनाऱ्यावर धंदा करत होता. कुठल्या महिन्यात किती माणसं येतात, पाऊस आला की ती कुठे जातात, हे त्याला तोंडपाठ होतं.

कॅम्पची कल्पना सुचली कशी?

त्या काळी समुद्रावर सुट्टीला जाणारं सामान्य कुटुंब खानावळवजा घरात उतरायचं. घरमालकीण सकाळी न्याहारी देणार, मग सगळ्यांना बाहेर काढणार आणि संध्याकाळच्या जेवणापर्यंत दार बंद. बाहेर पाऊस असला तरी नियम तोच. बटलिनने वेल्समधल्या बॅरी बेटावर हे अनुभवलं होतं. ओले कपडे, चिडलेली पोरं आणि आडोशासाठी बस थांब्याच्या शेडमध्ये उभे असलेले आईबाप, हे इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं नेहमीचं दृश्य होतं.

बटलिनचं म्हणणं साधं होतं: पाऊस थांबवता येत नाही, पण पावसात करायला काहीतरी देता येतं. म्हणून नाट्यगृह, नृत्यगृह, व्यायामशाळा, खेळघर हे सगळं कुंपणाच्या आत आणि छपराखाली. समुद्र शंभर पावलांवर असूनही कॅम्पच्या आत पोहण्याचा तलाव आणि होड्यांचं तळं बांधलं. पाहुणे याला चक्रमपणा समजतात, पण उत्तर समुद्राचं पाणी भर उन्हाळ्यातही १५ ते १७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. मालवणच्या पाण्यात डुंबलेल्या माणसाला ते पायाला लावूनच परत फिरावंसं वाटेल.

स्केग्नेसची जुनी जाहिरातही हा गार वारा लपवत नाही. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने १९०८ मध्ये चित्रकार जॉन हॅसल यांच्याकडून एक पोस्टर करून घेतलं. त्यात एक गलेलठ्ठ कोळी किनाऱ्यावर उड्या मारतोय आणि खाली लिहिलंय की इथली हवा फार तरतरी आणणारी आहे. 'तरतरी आणणारी' याचा सरळ अर्थ: वारा बोचरा आहे, स्वेटर आणा.

कॅम्प उघडला कधी, आणि पहिल्या हंगामात काय होतं?

११ एप्रिल १९३६, ईस्टरचा शनिवार. उद्घाटन विमानचालक एमी जॉन्सन यांच्या हस्ते. (१९३० मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने उडत गेलेल्या त्या याच. वाटेत त्या झाशीच्या लष्करी मैदानावर उतरल्या होत्या.) त्या ईस्टरला हवा इतकी थंड होती की पहिले पाहुणे कोट घालूनच जेवायला बसले.

मूळ आराखडा १००० माणसांसाठी ६०० शॅलेंचा होता. शॅले म्हणजे एका खोलीचं छोटं सुटं घर: पलंग, गालिचा, विजेचा दिवा आणि थंड पाण्याचा नळ. न्हाणीघरं आणि संडास सामायिक, रांगेच्या टोकाला. आज हे ऐकून नाक मुरडलं जातं. पण इंग्लंडमधल्या अनेक कामगार घरांत तेव्हा वीज नव्हती आणि संडास मागच्या परसात होता. त्यांच्या दृष्टीने खोलीत दिवा आणि नळ म्हणजे चैनच. मागणी एवढी आली की लवकरच क्षमता दुप्पट करावी लागली.

किंमत किती होती? शिलिंगचा हिशोब कळत नाही.

हंगामाप्रमाणे आठवड्याला ३५ शिलिंग ते ३ पौंड, माणशी. त्या वेळी २० शिलिंगांचा १ पौंड आणि १२ पेन्सचा १ शिलिंग. म्हणजे ३५ शिलिंग = १ पौंड १५ शिलिंग, आजच्या दशमान लेखनात १.७५ पौंड. यात राहणं, दिवसाची तीन जेवणं आणि कॅम्पमधली बहुतेक करमणूक आली. दारू, सिगारेट, दुकानातली खरेदी वेगळी.

जुनी पत्रकं वाचताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक, स्वस्त दर मे आणि सप्टेंबरचे असत. शाळांना सुट्टी असलेल्या जुलै-ऑगस्टमध्ये वरचा दर लागे, त्यामुळे 'फक्त ३५ शिलिंग' ही रक्कम मुलाबाळांच्या कुटुंबाने क्वचितच भरली. दुसरं, दर माणशी आहे, खोलीचा नाही. चौघांच्या कुटुंबाचा हिशोब करताना मुलांचे सवलतीचे दर त्याच पत्रकात शोधा. 'आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी' ही घोषणा एकट्या माणसाच्या बाबतीत खरी होती. बायको-मुलांसकट जाणारा कामगार वर्षभर पेटीत नाणी टाकत असे.

पगारी रजेचा कायदा झाला म्हणून कॅम्प चालला, हे खरं का?

अर्धवट. कॅम्प १९३६ चा, कायदा १९३८ चा. शिवाय त्या कायद्याने सगळ्यांना सरसकट रजा दिली नाही. ज्या उद्योगांत मजुरी ठरवणारी मंडळं होती, त्या मंडळांना पगारी रजा लागू करण्याचा अधिकार त्याने दिला. लॉर्ड अ‍ॅम्युलरी यांच्या समितीने वर्षाला एक आठवड्याची शिफारस केली होती. खरा परिणाम दिसला तो युद्धानंतर. बटलिनने लाट येण्याआधीच फळी पाण्यात टाकली होती, एवढं श्रेय त्याचं.

भारतात १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षभर काम केलेल्याला दर २० दिवसांमागे १ दिवस पगारी रजा मिळाली. पण मुंबईच्या गिरणी कामगाराने ती रजा कुठे घालवली? भाऊच्या धक्क्यावरून बोट पकडून शिमग्याला नाहीतर गणपतीला गावी. त्याला किनाऱ्यावर कॅम्प लागला नाही, कारण किनाऱ्यावर त्याचं घरच होतं. नॉटिंगहॅमच्या विणकर कामगाराचं किंवा डर्बीशायरच्या खाणकामगाराचं गाव दोन-तीन पिढ्यांपूर्वी सुटलं होतं. त्याला आठवडाभराचं गाव भाड्याने घ्यावं लागलं: शेजारी, पंगत, जत्रा, स्पर्धा, सगळ्यासकट. बटलिनने खोल्या विकल्या असं म्हणण्यापेक्षा त्याने हे गाव विकलं म्हणणं जास्त बरोबर. डर्बीशायरच्या खाणकामगार संघटनेने तर १९३९ मध्ये स्केग्नेसलाच स्वतःचा वेगळा कॅम्प काढला.

'रेडकोट' म्हणजे कोण?

लाल कोट घातलेले कॅम्पचे यजमान. त्यांचा जन्म एका अडचणीतून झाला. पहिल्या आठवड्यात बटलिनच्या लक्षात आलं की सगळ्या सोयी असूनही माणसं आपापल्या टेबलाशी गप्प बसून आहेत, एकमेकांशी बोलत नाहीत. कॅम्पच्या बांधकामावर असलेल्या नॉर्मन ब्रॅडफर्ड या बोलघेवड्या इंजिनिअरला त्याने सांगितलं, लोकांना जरा हसव. ब्रॅडफर्डने माइक हातात घेतला आणि जेवणघराचा नूर पालटला. गर्दीत ओळखू यावं म्हणून त्याला लाल ब्लेझर दिला गेला. 'हाय-डी-हाय' अशी हाक आणि त्याला सगळ्यांनी 'हो-डी-हो' असं उत्तर देणं, ही प्रथाही तेव्हाचीच.

काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. न्याहारीच्या वेळी दारात स्वागत, दुपारी मुलांच्या शर्यती, संध्याकाळी एकट्या बसलेल्या बाईला नृत्यासाठी विचारणं, रात्री रंगमंचावर नाच-गाणं. पुढे नावारूपाला आलेल्या अनेक ब्रिटिश कलाकारांची ही पहिली तालीम.

कॅम्पमधला दिवस कसा जायचा?

सकाळी लाउडस्पीकरवरून सगळ्यांना जागं करणारी घोषणा. जेवणघरात एका वेळी सगळे मावत नसत म्हणून दोन पंगती. पाहुण्यांची विभागणी केंट, ग्लॉस्टर, यॉर्क, विंडसर अशा 'हाउस'मध्ये होई. आपल्या हाउससाठी रस्सीखेच, पोहणं, धावणं यांत गुण मिळवायचे. सर्वांत वाकड्यातिकड्या गुडघ्यांचा पुरुष, सर्वांत देखणी आजी अशा स्पर्धा तर कॅम्पची ओळखच बनल्या.

आईबापांना रात्री नाचायला जाता यावं म्हणून परिचारिका शॅलेंच्या रांगांतून फेऱ्या मारत. मूल रडताना ऐकू आलं की नृत्यगृहात त्या शॅलेचा क्रमांक झळकायचा. वर्षभर घर सोडू न शकलेल्या बाईला चूल, भांडी आणि पाळणा या तिन्हींतून आठवडाभर सुट्टी मिळाली. आमच्या मते कॅम्पच्या यशाचं सर्वांत कमी सांगितलं गेलेलं कारण हेच.

युद्धात कॅम्पचं काय झालं? आजोबांच्या नोंदीत 'एचएमएस रॉयल आर्थर' असं जहाज दिसतं.

ते जहाज म्हणजे हाच कॅम्प. १९३९ मध्ये नौदलाने तो ताब्यात घेतला आणि नव्या खलाशांच्या प्रशिक्षणाचं केंद्र केलं. ब्रिटिश नौदलात किनाऱ्यावरच्या तळालाही जहाजाचं नाव देतात. त्यामुळे नोंदीत जहाजाचं नाव आहे म्हणून माणूस समुद्रावर होताच असं धरू नका. भरतीच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांसमोर 'रॉयल आर्थर' असेल तर ते प्रशिक्षण समजा. खरी जहाजं त्यानंतरच्या ओळींत शोधा. तारीख मात्र तपासा: युद्धानंतर हेच नाव नौदलाने दुसऱ्या ठिकाणच्या तळाला दिलं, तेव्हा १९४६ नंतरची नोंद स्केग्नेसची नव्हे. जर्मन रेडिओने 'रॉयल आर्थर बुडवलं' अशी बातमी दिल्याचा किस्सा नौदलात चवीने सांगितला जातो. कॅम्पवर बाँब मात्र खरोखर पडले.

वेल्समधला पुल्हेली आणि स्कॉटलंडमधला एअर हे कॅम्प बटलिनने युद्धकाळात नौदलासाठीच बांधले आणि नंतर सवलतीत स्वतःकडे घेतले. पुल्हेलीचं नौदलातलं नाव 'ग्लेंडोवर', एअरचं 'स्कोशिया'. स्केग्नेस मे १९४६ मध्ये पाहुण्यांसाठी पुन्हा उघडला.

समुद्राने कधी धोका दिला का?

या किनाऱ्याची जमीन भरतीच्या पातळीच्या आसपास, काही ठिकाणी तिच्याही खाली आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वादळ आणि मोठी भरती एकत्र आली, उत्तर समुद्र बांध फोडून आत शिरला आणि लिंकनशायरच्या किनाऱ्यावर चाळीसहून जास्त माणसं गेली. हंगाम नसल्याने हॉलिडे कॅम्प रिकामे होते, हे नशीब.

त्यानंतर काँक्रीटचे बांध उंच झाले. पण नुसत्या बांधाची एक गोम असते: लाट भिंतीवर आपटून परतताना पायाशी असलेली वाळू ओढून नेते, किनारा खाली जातो आणि शेवटी भिंतीचाच पाया उघडा पडतो. म्हणून १९९४ पासून मेबलथॉर्प ते स्केग्नेस या पट्ट्यात समुद्रतळाची वाळू उपसून, नळांतून किनाऱ्यावर पंपाने टाकली जाते. वाळू वाहून जाते, म्हणून हे काम पुन्हा पुन्हा करावं लागतं. पाहुणे ज्या रुंद पुळणीवर बसतात ती अशी भर घालून टिकवलेली आहे.

जुना फोटो किंवा पोस्टकार्ड हाती आहे. साल कसं ओळखायचं?

खुणा पाहा. रोपवेसारख्या तारेवरच्या खुर्च्या दिसत असतील तर १९६२ नंतरचा. मोनोरेल असेल तर १९६५ नंतरचा. कापडी शिखरांचं प्रचंड पांढरं छत दिसलं तर १९९९ किंवा पुढचा. भडक रंगांची, जेवणघर नाहीतर तलाव भरून माणसं असलेली पोस्टकार्डं बहुधा जॉन हाइंड यांच्या स्टुडिओची, १९६० च्या दशकाचा शेवट ते १९७० च्या दशकाची सुरुवात या काळातली.

माणसांच्या कोटावर बिल्ला असेल तर काम सोपं. १९३६ ते १९६७ या काळात प्रत्येक कॅम्प दरवर्षी वेगळ्या नक्षीचा मीनाकारी बिल्ला देई आणि तोच प्रवेशपत्र म्हणून चाले. बहुतेकांवर कॅम्पचं नाव आणि साल असतं. बिल्ला विकत घेताना काठाचा मीना उडालेला नाही ना आणि मागची टाचणी मूळची आहे ना, हे पाहा. ब्रासोने घासू नका, मुलामा जातो आणि किंमतही. अजून एक सावधगिरी: 'बटलिन्स' लिहिलेला प्रत्येक फोटो स्केग्नेसचा नसतो. क्लॅक्टन (१९३८), फाइली (१९४५), बॉग्नर (१९६०), माइनहेड (१९६२), बॅरी (१९६६) इथले शॅले आणि तलाव बरेचसे सारखे दिसतात.

रिंगो स्टारचा या कॅम्पशी काय संबंध?

ऑगस्ट १९६२ मध्ये तो रोरी स्टॉर्मच्या बँडबरोबर इथे हंगामी कार्यक्रम करत होता. तिथूनच तो ड्रमर म्हणून बीटल्स या बँडमध्ये गेला.

इतका चाललेला धंदा उतरणीला का लागला?

एकच कारण सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. जेट विमानं आणि स्पेनच्या स्वस्त सहली हे मोठं कारण खरं. १९६६ ते १९७० मध्ये परदेशात जाताना माणशी ५० पौंडांपेक्षा जास्त रक्कम नेता येत नव्हती, तेव्हा देशी कॅम्पना थोडा श्वास मिळाला. बंधन उठलं आणि उन्हाची खात्री असलेला स्पेन जिंकला. पण घरही बदललं होतं. घरोघरी टीव्ही, न्हाणीघर, मोटार आल्यावर सामायिक संडास आणि लाउडस्पीकरची हाक ही चैन राहिली नाही, जाच झाला. हाउस, पंगत, बिल्ला यांतला गावपणा तरुणांना शाळेच्या शिस्तीसारखा वाटू लागला. कॅम्पने स्वतः रांधून खायच्या खोल्या काढल्या, त्यामुळे खर्च वाचला, पण पंगत मोडली.

१९६८ मध्ये बिलीने कारभार मुलगा बॉबी याच्याकडे सोपवला. १९७२ मध्ये रँक ऑर्गनायझेशनने कंपनी ४.३ कोटी पौंडांना घेतली. १२ जून १९८० रोजी बिलीचं जर्सी बेटावर निधन झालं. १९८३ च्या हंगामानंतर क्लॅक्टन आणि फाइली बंद झाले. फाइलीला तर १९४७ ते १९७७ कॅम्पचं स्वतःचं रेल्वे स्टेशन होतं.

स्केग्नेस वाचला. १९८७ मध्ये नाव बदलून 'फनकोस्ट वर्ल्ड' झालं, छपराखालचा उबदार जलविहार आला. १९९९ चं ते पांढरं छत, स्कायलाइन पॅव्हिलियन, म्हणजे बटलिनच्या मूळ विचाराकडे परत येणं होतं: पाऊस पडू दे, आत जत्रा चालू. २००० मध्ये कंपनी बोर्न लेझरकडे गेली.

मूळ कॅम्पचं आज काय पाहायला मिळतं?

फार थोडं. १९३६ च्या शॅलेंपैकी एक जतन केलेला आहे आणि १९८७ पासून त्याला वारसा इमारतीचं संरक्षण आहे. बाकी सगळं पाडून पुन्हा बांधलेलं. जुन्या इमारतींच्या ओढीने जाणार असाल तर अपेक्षा बेताची ठेवा.

जायचं कसं?

लंडनहून किंग्ज क्रॉसला गाडी पकडून ग्रँथमला बदलायची. नॉटिंगहॅमहून स्केग्नेसची थेट गाडी आहे, सुमारे दोन तास. स्टेशनबाहेरून इंगोल्डमेल्सच्या दिशेची बस घ्यायची. लेस्टर-नॉटिंगहॅमकडच्या मराठी कुटुंबांना हाच हाताशी असलेला किनारा. मुक्काम बहुधा सोमवार ते शुक्रवार (४ रात्री) किंवा शुक्रवार ते सोमवार (३ रात्री) असे विकले जातात. काही शनिवार-रविवार फक्त प्रौढांसाठी, संगीताच्या कार्यक्रमांचे असतात. मुलं बरोबर असतील तर आरक्षणाआधी तारखेसमोर ते लिहिलंय का बघा, नाहीतर दारातून परत फिरावं लागेल. तंबू ठोकायचा असेल तर कॅम्पच्या आवारात नाही, आसपासच्या तंबू-कॅराव्हॅनच्या मैदानांवर चौकशी करा. किनाऱ्यावर वारा जोरात असतो, तेव्हा दारं वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा आणि वाळूत धरतील अशा लांब खुंट्या न्या.